हळदीचे बनियान

“पहिल्या दिवसअखेर आघाडीवर असलेला धाडचा स्पर्धक नामदेव हा दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या अंधश्रद्धेपायी गावाची शीव ओलांडू शकला नाही. तो घरीच राहिला. परिणामी भगवंतरावांनी एकहाती विजय मिळवून आपल्या भागातील सायकल शर्यतीच्या इतिहासाचे पहिले पान लिहिले.”

हा मजकूर शर्यतीच्या स्मरणिकेत, गुळगुळीत कागदावर, भगवंतरावांच्या हार घातलेल्या छायाचित्राखाली छापलेला आहे. नामदेव म्हणजे माझा थोरला भाऊ. या मजकुरातले पहिल्या दिवसाच्या आघाडीचे विधान तेवढे खरे आहे. पुढचे सारे खोटे आहे आणि ते खोटे आहे हे छापणाऱ्यांना माहीत आहे. स्मरणिका घरी आली त्याच दिवशी मी समितीच्या कार्यालयात गेलो. खुर्चीवरचा तरुण नम्रपणे म्हणाला, “वकीलसाहेब, जुनं झालं आता. कोन वाचते ते?” मी त्याला विचारले, कोणी वाचत नाही तर छापले कशाला? त्यावर त्याने माझ्यासाठी चहा मागवला. माझा उभा जन्म दिवाणी वकिलीत गेला. प्रश्नाच्या उत्तरादाखल चहा येतो तेव्हा समोरच्याकडे उत्तर नसते, एवढे मला कळते. चहा न घेता मी परतलो आणि हे प्रकरण लिहायला बसलो.

आमचा मळा धाड गावाच्या अलीकडे, बुलढाण्याच्या रस्त्याला लागून होता. विहिरीवर ऑइल इंजिन होते. त्याचा ठोका दिवसभर आमच्या छातीत वाजत असे आणि ते बंद पडले की घरातली सगळी माणसे एकदम मोठ्याने बोलत असल्यासारखी वाटत. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मेथी उपटायची, पाटाच्या पाण्यात मुळे धुवायची, आंबाडीच्या वाखाने जुड्या बांधायच्या, वांगी निवडायची, सांभार, म्हणजे कोथिंबीर, ओल्या पोत्यात गुंडाळायचा, हे काम घरातल्या प्रत्येकाला होते. बाबा जुड्या बांधत, त्यांच्या जुडीचा आकार कधी चुकला नाही. माय चुलीपुढून हाका मारून कामे सांगे. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊन आमच्याकडे परत आलेली, ती घरातले सारे शकुन-अपशकुन सांभाळी. या खात्यात तिच्या शब्दापुढे बाबाही जात नसत. पहाटे तव्यावरची भाकर, ठेचा आणि वांग्याचे भरीत फडक्यात बांधून भाऊ निघे. सायकलच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंनी पोती, वर पाटी, पाटीवर ओले बारदान. एवढे ओझे घेऊन तो बुलढाण्यापर्यंत जाई आणि वाटेतल्या एकाही चढाला खाली उतरत नसे. उतरला की पोती एका अंगाला कलतात, असे तो सांगे. मला वाटे, हे कारण त्याने लोकांना सांगण्यापुरते ठेवले होते. खरे कारण असे की, उतरणे त्याला ठाऊकच नव्हते.

स्मरणिकेतले दुसरे खोटे इथे आले आहे म्हणून इथेच निस्तरतो. शर्यतीची कल्पना गुरुजींच्या मनात “स्फुरली”, असे त्यात म्हटले आहे. शर्यत त्या रस्त्यावर गुरुजी येण्याच्या पुष्कळ आधीपासून चालू होती. बाजारात जो भाजीवाला आधी पोचे त्याला चांगली जागा मिळे, सावलीची आणि वाटेवरची. त्या जागेसाठी आमच्या रस्त्यावरची माळ्याची पोरे दर बाजाराला एकमेकांच्या चाकाला चाक लावून पळत. त्या पळापळीला नाव नव्हते, हार नव्हता आणि बघायला कोणी नव्हते. गुरुजींनी तिला नाव दिले, हार दिला आणि मग आमच्याकडून काढून घेतली.

गुरुजी हायस्कुलात भूगोल शिकवीत. मूळचे आमच्या भागातले नव्हते, बोलणे पुस्तकी होते, पण वर्गात नकाशा उलगडला की आम्ही श्वास रोखून ऐकत असू. फ्रान्सचा नकाशा लावला की गुरुजी पिके आणि नद्या बाजूला ठेवून तिथल्या सायकल शर्यतीवर घसरत. एका वर्तमानपत्राने आपला खप वाढावा म्हणून ती शर्यत सुरू केली, सारा देश पालथा घालणारी. सुरुवातीच्या वर्षांत गडी रात्रभर सायकल हाकीत. कोणी मधला पल्ला गुपचूप आगगाडीने मारी, कोणाच्या वाटेत प्रेक्षकच खिळे टाकीत. सायकल मोडली तर ज्याची त्याने दुरुस्त करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. एका गड्याच्या सायकलचा, पुढचे चाक धरणारा चिमटा डोंगरात मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. आणि भाता मात्र दुसऱ्या कोणी हलवला म्हणून परीक्षकांनी त्याला दंड केला. हे सांगताना गुरुजींचा गळा भरून येई. “बघा, नियम हा शब्द किती क्रूर असू शकतो,” असे ते म्हणत. ते वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवले नाही, पण विसरलोही नाही.

त्याच शर्यतीत जो आघाडीवर असेल त्याने पिवळा सदरा घालायचा, कारण ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर निघे. लोकांना गर्दीत आघाडीचा गडी ओळखू यावा हा हेतू. गुरुजींना ही गोष्ट इतकी आवडली की आपल्या शर्यतीतही पिवळे पाहिजेच, असे त्यांनी धरले. शर्यत दोन दिवसांची ठरली. पहिल्या दिवशी बुलढाण्याहून धाड, मुक्काम, दुसऱ्या दिवशी धाडहून परत बुलढाणा. दोन्ही दिवसांचा वेळ मिळून ज्याचा कमी तो विजयी. कॅरिअर काढायचे. दुरुस्ती ज्याची त्याने करायची. पहिल्या दिवशी जो पुढे असेल त्याला पिवळे बनियान. बाजारात पिवळे बनियान मिळेना, तेव्हा गुरुजींनी पांढरे बनियान आणून घरी पातेल्यात हळदीत उकळून काढले. या कामात त्यांनी एका तरी बाईला विचारले असते तर माझ्या भावाचे आयुष्य वेगळे झाले असते.

पहिल्या दिवसाचे वर्णन मी लांबवत नाही, कारण त्याबद्दल वाद नाही. मीही त्या शर्यतीत होतो, शेवटच्या घोळक्यात. कॅरिअर काढलेली भाऊची सायकल ओळखू येत नव्हती, एखादा बैल झूल काढल्यावर बारीक दिसतो तशी. ओझ्याची सवय असलेले त्याचे पाय ओझे नसल्यावर काय करतात हे मी पहिले काही क्षण पाहिले. पुढे पाहायला तो दिसलाच नाही. धाडच्या वेशीत तो पहिला आला. भगवंता दुसरा आला. भगवंता म्हणजे पुढचे भगवंतराव, बुलढाण्याकडच्या एका मोठ्या जमीनदाराचा मुलगा. त्याची सायकल हलकी होती आणि शर्यतीसाठी जीप व बक्षिसाचा प्याला त्याच्याच वडिलांनी दिला होता. मनुष्य म्हणून तो वाईट नव्हता. त्या दिवशी त्याने येऊन भाऊच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “नामदेवा, तू काय खाऊन राह्यला बे?” भाऊ म्हणाला, “वांगे.”

संध्याकाळी गुरुजी ते बनियान घेऊन आमच्या अंगणात आले. शेजारीपाजारी जमले होते. भाऊचे लग्न तेव्हा ठरलेले होते, डोणगावची मुलगी, सुपारी फुटलेली, तिथी काढायची बाकी. गुरुजींनी बनियान उलगडले, अंगणभर हळदीचा वास सुटला आणि पहिले हसू शेजारच्या बायकांना आले.

“नाम्याले हळद लागली वं, अन् आपल्याले आवतन नाई,” एकजण म्हणाली.

आत्या मात्र हसली नाही. तिने बनियानाला हात न लावता गुरुजींना विचारले, “हे हळदीत बुचकळलं का?”

“हो. रंग छान चढला आहे ना?”

“अन् हे घालून उद्या हा शीव ओलांडून जाईन?”

“बुलढाण्यापर्यंत,” गुरुजी कौतुकाने म्हणाले.

“मंग नाई जमत,” आत्या म्हणाली. “हळदीच्या अंगानं एकट्यानं शिवंच्या बाहीर पाय टाकत नाई गुरुजी. नवरदेव निंगते तं हातात लोखंड असते, संगं वऱ्हाड असते. याचं लगन ठरेल हाय. डोणगाववाल्याईच्या कानावर गेलं तं काय म्हनतीन ते?”

गुरुजी हसले. “लोखंडच हवे ना, आत्याबाई? मग सायकल कशाची आहे?”

“लोखंड हातात लागते, बुडाखाली नाई.”

सगळे अंगण हसले, गुरुजीही हसले, आणि त्या हसण्यात खरा प्रश्न बाजूला राहिला. तो भाऊने विचारला. तो बाजेवर बसून पायांना तेल चोळत होता. “गुरुजी,” तो म्हणाला, “बनेन मी देवापाशी ठेवतो. उद्या पांढऱ्या सदऱ्यानं गेलो तं चालन का?”

गुरुजी म्हणाले, “अरे, घाल काहीही. पाय चालले म्हणजे झाले.”

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले. मायने ऐकले, आत्याने ऐकले, हसणाऱ्या बायकांनी ऐकले. यातली आज हयात असलेली साक्ष माझी एकट्याची आहे आणि मी पक्षकाराचा भाऊ असल्यामुळे ती दुबळी आहे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

आत्याला अडाणी ठरवणे स्मरणिकावाल्यांना फार सोपे गेले आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या लग्नात हळद लागल्यावर त्याच्या हातात सुरी दिली गेली होती आणि त्याने ती मुकाट्याने धरली होती. आत्याने भाऊला शर्यतीपासून अडवले नाही. तिने फक्त कपडा अडवला. त्या रात्री तिनेच त्याचा पांढरा सदरा धुऊन चुलीच्या उबेवर वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाडच्या वेशीत आम्ही सारे स्पर्धक उभे राहिलो. एसटी थांब्यावरच रोखून धरल्या होत्या. बुलढाण्याला जायला निघालेली माणसे खिडक्यांतून आम्हाला शिव्या देत होती. भाऊ पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या ओळीत होता. त्याला पाहून एकजण ओरडला, “नवरदेव, हळद धुतली काऊन बे? पोरगी नाई म्हने का?” भाऊने मागे न बघता उत्तर दिले, “तुह्यासाठी ठेवली रे थोडी.” फ्रान्समध्येही पिवळा सदरा पहिल्यांदा अंगावर आला तेव्हा लोक त्या गड्याला पिवळी चिमणी म्हणून चिडवीत, असे मी पुढे वाचले. भाऊला हे सांगायला हवे होते, त्याला बरे वाटले असते. गुरुजी जीपमध्ये मागे होते. त्यांनी भाऊचा पांढरा सदरा पाहिला, मान हलवली आणि शिट्टी वाजवली. म्हणजे तो घरी राहिला नव्हता, तो रेघेवर उभा होता, आणि शर्यत सुरू करणाऱ्यानेच त्याला सोडले.

पुढचे मी पाहिले नाही, कारण मी फार मागे राहिलो. भाऊने त्या संध्याकाळी सांगितले ते असे. वाटेतल्या देऊळघाटाच्या आधीच त्याच्या मागे कोणी उरले नव्हते. बुलढाण्यात शिरताना दोन्ही बाजूंना गर्दी होती, पण त्याच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. शेवटच्या रेघेवर फीत धरून उभ्या असलेल्या स्वयंसेवकांना आदल्या दिवशी निरोप गेला होता, पिवळा गडी पहिला येईल, त्याच्यासाठी फीत धरा. त्यांना दिसला तो घामाने भिजलेल्या पांढऱ्या सदऱ्यातला, अनवाणी, माळ्याचा पोरगा, रोज भाजी घेऊन येतो तसाच. एकाने फीत वर उचलली आणि ओरडला, “बाजूले हो बे, रेस येऊन राह्यली.” भाऊ फितीखालून पलीकडे गेला आणि बाजूला झाला. पुष्कळ वेळाने भगवंता आला. त्याच्या अंगावरही पिवळे नव्हते. पण त्याला बुलढाण्यात कोण ओळखत नाही? फीत खाली आली, त्याच्या छातीने तुटली, बँड वाजला, हार पडला.

मी पोचलो तेव्हा गुरुजींची जीप नुकतीच आली होती आणि भाऊ त्यांच्यापुढे उभा होता. तो आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हता. “गुरुजी, मी आधी आलो,” एवढेच त्याने म्हटले. गुरुजींनी हाराकडे पाहिले, हारामागे उभ्या असलेल्या भगवंताच्या वडिलांकडे पाहिले, चष्मा काढून पुसला. “नामदेवा, आघाडीच्या स्पर्धकाने पिवळे घालायचे हा नियम होता. परीक्षक तुला ओळखणार कसे?”

“काल तुमीच म्हनलं, काहीबी घाल.”

“मी सहज बोललो होतो,” गुरुजी म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

दुसऱ्याने भाता हलवला म्हणून दंड झालेल्या परक्या माणसासाठी ज्याचा गळा भरून येई, तो माणूस हे बोलत होता. मी त्या दिवसानंतर भूगोलाच्या तासाला मान वर केली नाही. पुढे गुरुजी वारले तेव्हा शोकसभेत मला बोलायला सांगितले. मी नकार दिला. त्याबद्दल लोकांनी मला उद्धट म्हटले, ते मी मान्य केले.

भाऊने पुन्हा शर्यतीचे नाव काढले नाही. लग्न डोणगावलाच झाले, सुखाचे झाले. पण धाडमध्ये त्याला हळद्या हे नाव पडले आणि ते कायमचे राहिले. परीक्षकांची चूक सांगायला लांबलचक वाक्य लागते. हळदीला भिऊन घरी बसला, हे एका दमात सांगता येते. लोकांनी सोपे ते उचलले. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्याला रेघेवर पाहिले होते. काही वर्षांनी त्यांनाही तो घरीच बसलेला आठवू लागला. भाऊ त्याच रस्त्याने, त्याच सायकलवर, म्हातारपणापर्यंत भाजी नेत राहिला. दर वर्षी शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद असे, म्हणून त्या दिवशी तेवढा त्याचा बाजार बुडे. आता तिथे भगवंतरावांच्या नावाची कमान उभी आहे. भाऊ वारला तेव्हा तिरडी उचलताना मागे कोणीतरी दबक्या आवाजात विचारले, “कोन, हळद्या का?” मी वळून पाहिले. तो माणूस वाईट नव्हता, त्याला दुसरे नावच माहीत नव्हते. मला राग येतो तो याचा.

अलीकडे नातू मला मोबाईलवर फ्रान्सची ती शर्यत दाखवतो. हिरवे डोंगर, रंगीत सदरे आणि मध्ये एक पिवळा. त्या पिवळ्या सदऱ्याच्या इतिहासातही एक भांडण आहे. बेल्जियमच्या एका जुन्या विजेत्याने म्हातारपणी सांगितले की, हा सदरा ज्या वर्षी सुरू झाला असे तुम्ही लिहिता, त्याच्या आधीच मी तो घातला होता. इतिहासकार म्हणतात, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत तशी नोंद सापडत नाही. नातवाने विचारले, “आबा, मंग तो खोटं बोलला असन का?” मी त्याला सांगितले की वर्तमानपत्र काढणारेच शर्यत काढीत होते, सदराही त्यांचाच होता आणि नोंदही त्यांचीच. ज्याच्या हाती फीत असते तोच इतिहासही लिहितो. मी त्या बेल्जियमवाल्यावर विश्वास ठेवतो. माझ्याकडे पुरावा नाही.

भाऊच्या बाबतीत आहे. म्हणून माझी साक्ष सोडून द्या. आत्याची, मायची, बायकांची सोडून द्या. वेशीतल्या शिट्टीची साक्ष द्यायला गुरुजी हयात नाहीत, तीही सोडून द्या. विरुद्ध बाजूचा साक्षीदार घेऊ, खुद्द भगवंतराव. ते राजकारणात गेले, मोठे झाले, आणि दर वर्षी शर्यतीच्या बक्षीस समारंभात एक आठवण सांगत. ती मी ऐकली आहे, समितीने ऐकली आहे, स्मरणिका लिहिणाऱ्याने पुढच्या रांगेत बसून ऐकली आहे आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. माझ्या भावाचा मोठेपणा सांगावा या चांगल्या हेतूने ते ती सांगत. तिचा अर्थ त्यांच्या कधी लक्षात आला नाही, किंवा आला असेल तर त्यांनी तो आपल्याबरोबर नेला. ते म्हणत, “फीत तुटली अन् माह्या डोळ्यापुढं अंधारच आला. सारे हार घालून राह्यले, पानी कोनाले सुचलं नाई. नामदेव रेघेपाशी पह्यलाच उभा होता. त्यानं तांब्या माह्या तोंडाले लावला.”

धाड ते बुलढाणा रस्ता त्या सकाळी शर्यत संपेपर्यंत बंद होता; एसटी नाही, बैलगाडी नाही, आणि जीप होती ती एकच, गुरुजींची, शर्यतीच्या मागे. आणि बुलढाण्याच्या रेघेवर विजेत्याच्या तोंडाला पाण्याचा पहिला तांब्या घरी राहिलेल्या माझ्या भावाने लावला.